आठ अक्षरांत बसणारे सभासद

वीसेक वर्षांपूर्वी ईमेलवर एक फॉरवर्ड फिरायचा. एका भारतीयाने म्हणे शोधून काढलं होतं की विंडोजमध्ये ‘कॉन’ नावाचं फोल्डर बनवताच येत नाही, आणि का बनत नाही ते मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमला, अगदी बिल गेट्सलाही सांगता आलं नव्हतं. खाली ‘करून बघा’ आणि उद्गारचिन्हांची माळ. लोक करून बघायचे, फोल्डर खरंच बनायचं नाही, आणि मेल पुढच्या दहा जणांकडे रवाना व्हायचा. ऑर्कुट आलं नि गेलं, हा मजकूर मात्र व्हॉट्सअॅपवर येऊन पुन्हा ताजा झाला.

डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, हुकूम (कमांड) टाइप करून चालवायच्या संगणकप्रणालीवर, हात बसलेल्या माणसाला यात कोडं काहीच नव्हतं. कॉन म्हणजे कन्सोल, समोरचा कीबोर्ड आणि स्क्रीन. ‘कॉपी कॉन’ आणि पुढे फाईलचं नाव मारलं की आपण जे टाइप करू ते त्या फाईलमध्ये जाई. संपलं की एफ-सिक्स आणि एंटर. फ्लॉपी ड्राइव्ह घरघरे आणि खाली ‘वन फाईल कॉपीड’ उमटे. हेच उलटं, म्हणजे फाईलचं नाव आधी आणि कॉन नंतर मारलं, तर मजकूर स्क्रीनवर येई. कॉनच्या जागी पीआरएन घातलं की प्रिंटरवर. एनयूएल घातलं की कुठेच नाही, नुसता नाहीसा. एक कमांड, आणि नावं बदलून तिची चार कामं. फाईल, कीबोर्ड आणि प्रिंटर यांना एकाच मापाने मोजायची ही युक्ती मला आजही देखणी वाटते.

पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे ही नावं अख्ख्या डिस्कवर राखीव होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण आधी लिहिलेले प्रोग्रॅम चालू राहायला हवे होते. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ती नावं राखीवच ठेवली. पुढे विंडोजनेही तो वारसा निमूट उचलला. बिल गेट्सला हे ठाऊक नसेल, असं मानायला फार मोठा भाबडेपणा लागतो.

खरं तर डॉस मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हताच. सत्तरच्या दशकात छोट्या संगणकांवर राज्य होतं ते गॅरी किल्डॉलने लिहिलेल्या सीपीएम या प्रणालीचं. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देणं, त्या अक्षरापुढे कंसासारखी खूण करून हुकमाची वाट बघत बसणं, फाईलचं नाव आठ अक्षरांचं आणि आडनाव तीन अक्षरांचं, हे सगळं तिथलं. आपल्या नव्या पीसीसाठी प्रणाली मागायला आयबीएमची माणसं १९८० साली कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हला किल्डॉलच्या दारात आली तेव्हा तो विमान उडवायला गेला होता आणि तिथेच त्याचं नशीब हुकलं, ही गोष्ट फार चवीने सांगितली जाते. विमान घेऊन गेला होता हे खरं, पण एका ग्राहकाला भेटायला. कंपनीचे करारमदार त्याची पत्नी डोरोथी बघत असे, आणि आयबीएमने पुढे केलेल्या गुप्ततेच्या करारावर सही करायला ती आणि वकील लगेच तयार झाले नाहीत. बोलणी फिसकटली.

तिकडे सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या एका लहानशा कंपनीत टिम पॅटरसन वेगळ्याच कारणाने वैतागला होता. कंपनीने इंटेलच्या ८०८६ या नव्या चिपचा बोर्ड तयार केला होता, पण त्यावर चालणारी सीपीएमची आवृत्ती काही येत नव्हती. पॅटरसनने स्वतःच बसून एक कामचलाऊ प्रणाली लिहिली आणि तिला नावही तसंच दिलं, ‘क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टीम’. हीच पुढे डॉस झाली. आयबीएमला प्रणाली पुरवायचं काम आता मायक्रोसॉफ्टकडे आलं होतं; त्यासाठी मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि २७ जुलै १९८१ रोजी सगळे हक्क ५०,००० डॉलरना विकत घेतले. सोळा दिवसांनी, १२ ऑगस्टला, आयबीएमचा पीसी बाजारात आला. ग्राहकाला पुढे सीपीएमही घेता येत होतं, पण त्याला २४० डॉलर पडत आणि डॉसला ४०. मायक्रोसॉफ्टने दुसरी एक गोष्ट हातातून सोडली नव्हती: हाच डॉस इतर कंपन्यांना विकायची मोकळीक. आयबीएमसारखी मशीनं जो जो बनवू लागला तो तो डॉस घ्यायला मायक्रोसॉफ्टकडे आला. सिएटलच्या कंपनीने पुढे मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, तेव्हा १९८६ साली सव्वानऊ लाख डॉलरवर तडजोड झाली. पन्नास हजारांच्या मानाने बरे, पण डॉसच्या कमाईपुढे चिल्लरच.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली आणि मग पीसी दिसू लागले. आधी मोठ्या कंपन्यांत, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेली मशीनं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. डॉसच्या फ्लॉपीवर छापील लेबल पाहिलेली माणसं कमीच असतील. बहुतेकांकडे होती ती पेनाने ‘डॉस ६.२२’ लिहिलेली, कोणाची तरी कॉपी मारून आणलेली. कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी चपलांचा ढीग असे, कारण आत एसी होता आणि धूळ गेली तर मशीन बिघडतं असं सर सांगत. आत एका मशीनपुढे तिघं बसत. एक टाइप करी, दोघं चुका काढत.

परीक्षेला हमखास प्रश्न असे: इंटर्नल आणि एक्स्टर्नल कमांडमधला फरक सांगा. पोरं पाठ करत. डीर, कॉपी, डेल, सीएलएस या इंटर्नल. फॉरमॅट, चेकडिस्क, एक्सकॉपी या एक्स्टर्नल. उत्तर पाठ असे, पण त्यातली गंमत हार्ड डिस्क नसलेल्या मशीनवर बसल्याशिवाय कळत नसे. इंटर्नल कमांड ‘कमांड.कॉम’ या एका फाईलच्या पोटात असत आणि ती फाईल सुरू होतानाच मेमरीत येऊन बसलेली असे. फॉरमॅट मात्र स्वतंत्र प्रोग्रॅम. तो ज्या फ्लॉपीवर आहे ती ड्राइव्हमध्ये नसली, की समोर ‘बॅड कमांड ऑर फाईल नेम’. डॉसच्या लेखी चुकीची कमांड आणि न सापडलेली फाईल यांत फरकच नव्हता. तुम्ही मारलेला पहिला शब्द त्याला माहीत नसेल तर तो त्या नावाची फाईल शोधे. मिळाली तर चालवी, नाही मिळाली तर हात वर करी. इतकंच त्याचं व्याकरण.

मी ज्या पतसंस्थेसाठी फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे नोंदी ठेवायच्या एका डेटाबेस प्रणालीत, प्रोग्रॅम लिहिले तिथे या आठ अक्षरांच्या नियमाशी माझी चांगली ओळख झाली. फाईलची नावं रोमन लिपीत द्यायची, आणि पतसंस्थेची भाषा तर मराठी. पण गंमत बघा, आपला सहकारी शब्दकोश जणू डॉसच्या मापाने बेतलेला निघाला. सभासद रोमनमध्ये लिहा, बरोब्बर आठ अक्षरं. ठेवीदार आठ. थकबाकी आठ. लाभांशही आठ. जामीनदार आठात बसे, पण तो वाचणाऱ्याला जमीनदार वाटे. आमच्या भागात बऱ्याचदा ते दोघे एकच असल्यामुळे कुणी तक्रार केली नाही. अडचण फक्त संचालकांची. ते नऊ अक्षरी. डॉस अशा वेळी विचारत नसे, कुरकुरतही नसे. आठाच्या पुढचं मुकाट कापून टाकी. संचालकांचा शेवटचा ‘के’ गेला आणि ते ‘संचाला’ झाले, ते संस्थेच्या रेकॉर्डला कायमचे. चेअरमनसाहेबांनी एकदा यादीवर ते नाव पाहून विचारलंही, ‘‘काय हो, हे आम्हालाच का कापलं?’’

काम मुकाट करणं हा त्याचा स्वभावच होता. काम नीट झालं तरी बहुतेकदा एक शब्द नाही, नुसता पुन्हा प्रॉम्प्ट, म्हणजे ती हुकमाची वाट बघणारी खूण, येऊन उभा. फाईल उडवायची तर डेल आणि नाव; ‘नक्की ना?’ वगैरे भानगड नाही. फोल्डरमधल्या सगळ्याच फाईली एका दमात उडवायला निघालात तरच तो एकदा वाय की एन विचारी. माझ्या माहितीत तो प्रश्न वाचून कुणी थांबलेलं नाही, कारण तोवर बोट वायवर गेलेलं असे.

पण उडवणं म्हणजे तरी काय, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी डॉसबद्दलचं माझं मत बदललं. डिस्कवर प्रत्येक फाईलची ३२ बाइटची एक नोंद असते: नाव, तारीख, वेळ, आकार आणि मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा. डेल मारलं की डॉस त्या नोंदीतल्या नावाच्या फक्त पहिल्या अक्षरावर एक खूण मारतो आणि त्या फाईलने अडवलेली जागा मोकळी झाली असं आपल्या तक्त्यात लिहून ठेवतो. मजकुराला तो हातही लावत नाही. नावाची उरलेली सात अक्षरंही तिथेच. दुसरं काही त्या जागेवर लिहिलं जाईपर्यंत फाईल जिथल्या तिथे पडून असते. १९९१ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत अनडिलीट नावाची कमांड होती. ती मारली की उडालेल्या फाईलींची यादी येई आणि प्रत्येक नावाच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह. पहिलं अक्षर तेवढं गेलेलं, बाकी नाव शाबूत. मग डॉस नम्रपणे विचारी, या फाईलचं पहिलं अक्षर काय होतं? तुम्ही ते टाइप केलंत की फाईल परत. मार्चअखेरीला एका क्लार्कने थकबाकीची फाईल उडवली होती, तेव्हा संस्थेचा सगळा स्टाफ मागे उभा होता आणि मी एक ‘टी’ दाबला. टाळ्या पडल्या. काम दोन सेकंदांचं होतं, पण संगणक आतून कसा विचार करतो हे त्या ‘टी’ने जितकं समजलं तितकं क्लासमध्ये समजलं नव्हतं.

डॉसने काही लपवलं नाही, हे त्याचं मोठेपण. आणि काही सांभाळलंही नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांत मी नाही. एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, तो अडकला की सगळं मशीन अडकलं, मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवला तर अडवणारं कुणी नाही. मेमरीची रड तर विचारू नका. पहिल्या पीसीच्या चिपला एकंदर एक मेगाबाइटपर्यंतच पत्ते देता येत. त्यातली वरची ३८४ केबी स्क्रीन, बायॉस वगैरेंसाठी राखून ठेवली आणि प्रोग्रॅमच्या वाट्याला ६४० केबी आली. पुढे मशीनमध्ये चार नि आठ मेगाबाइट मेमरी बसली, तरी डॉसच्या प्रोग्रॅमला ती ६४०ची खोलीच मिळे. मग कॉन्फिग.सिस ही सुरुवातीच्या सेटिंगची फाईल उघडून कोणता ड्रायव्हर ६४०च्या वर ढकलता येईल, माऊस की सीडी, एकच ठेवू का, हा घोळ रात्री घालत बसायचं. त्यात वेळ गेला, ज्ञान काही फार वाढलं नाही. तो काळ संपला, बरं झालं.

पॅरामीटर म्हणजे काय हे मात्र आमच्या पिढीच्या अनेक पोरांना एका खेळाने शिकवलं. प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू करताना नुसतं ‘प्रिन्स’ न मारता ‘प्रिन्स मेगाहिट’ मारायचं, मग शिफ्ट-टी दाबलं की आयुष्य वाढतं आणि शिफ्ट-एल दाबलं की पुढची लेव्हल. कमांडच्या नावामागे जागा सोडून आणखी काही सांगितलं की तोच प्रोग्रॅम वेगळा वागतो, हे डीर स्लॅश डब्ल्यूच्या (फाईलींची यादी आडवी दाखवणाऱ्या कमांडच्या) आधी लोकांना मेगाहिटमुळे पटलं होतं.

पुण्याशी मात्र डॉसचं नातं फार जवळचं आहे आणि त्याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही. डॉसचा स्क्रीन म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, प्रत्येक घरात एक अक्षर, आणि एकूण चिन्हं २५६. त्यातली निम्मी इंग्रजीने आणि खुणांनी आधीच व्यापलेली. आता या घरांत ‘क्ष’ कुठे बसवायचा, ‘र्ध्या’ कसा लिहायचा? मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये यावर काम सुरू केलं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत जिस्ट या नावाने वाढलं. जिस्ट कार्ड म्हणजे मशीनमध्ये खोचायचं एक हार्डवेअर. डीबेस किंवा फॉक्सप्रो नेहमीप्रमाणे आपली अक्षरं स्क्रीनकडे पाठवे. मधल्या मध्ये हे कार्ड ती उचलून देवनागरीत रंगवे. प्रोग्रॅमला पत्ताच नसे की आपण मराठी दाखवतो आहोत.

त्यामागचा विचार कार्डापेक्षा मोठा होता. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या इस्की या भारतीय मानकात २५६पैकी वरच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना दिल्या, पण प्रत्येक लिपीला वेगळ्या नाहीत. ‘क’ला एकच क्रमांक, तो देवनागरीतला असो, गुजरातीतला असो की कन्नडमधला. लिपी बदला, तीच सभासदांची यादी कन्नडमध्ये दिसेल. सीमाभागात हे पाहून डोळे विस्फारलेले म्हातारे मी पाहिले आहेत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, हीही त्याच कामाची देणगी. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा तक्ता बनवला तो १९८८च्या इस्कीचा क्रम समोर ठेवून. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचता आहात त्यात ‘क’च्या पुढे ‘ख’ ज्या अंतरावर बसला आहे, ते गणित डॉसच्या काळात मांडलं गेलेलं आहे.

मराठी माणसाने डॉसला आणखी एका गोष्टीतून हजेरी लावली, निदान आडनावाने. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागातून, तो मशीनमध्ये शिरे, मेमरीत दडी मारून बसे आणि वर्षभर गप्प राही. ५ जानेवारीला मात्र मशीन अडवून फर्मान काढी: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. टाइप केलं की वाट मोकळी. जगभरच्या अँटीव्हायरसच्या यादीत हा ‘जोशी’ म्हणून नोंदला गेला. हा जोशी कोण, कुठला, हे कळलं नाही, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा अशा सक्तीने वसूल करणारा माणूस ओळखीचा वाटतो खरा. लाहोरच्या अल्वी बंधूंचा ‘ब्रेन’ त्याच्या चार वर्षं आधीचा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांच्या दुकानात अशा फ्लॉप्या येत, आणि धाकट्या भावाने, संजयने, डॉसवर लिहिलेल्या व्हायरस काढायच्या प्रोग्रॅममधून पुढे क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली.

आवृत्त्यांचा पुढचा हिशेब लांबवण्यासारखा नाही. १९९४ची ६.२२ ही स्वतंत्र विकली गेलेली शेवटची, पुढल्या वर्षी विंडोज ९५ आलं आणि डॉस त्याच्या पोटात गेला. त्याच १९९४ साली जिम हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने फ्रीडॉसची सुरुवात केली, तो अजून नव्या आवृत्त्यांसह चालू आहे. मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांचा मूळ कोड आधी २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमतर्फे आणि २०२४ मध्ये चौथ्या आवृत्तीचा कोड सरळ मुक्त परवान्याखाली खुला केला.

खाणाखुणा हव्या असतील तर आजच्याच लॅपटॉपमध्ये पुष्कळ आहेत. पहिली डिस्क सीच का, याचं कारण ए आणि बी फ्लॉपीसाठी होते. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं नाही की फोटोंवर कित्येकदा १ जानेवारी १९८० पडते, कारण डॉसचं कॅलेंडर तिथून सुरू होतं आणि मेमरी कार्डावर आजही डॉसच्याच फाईल पद्धतीचे वंशज आहेत. विंडोजचा कोणताही ईएक्सई प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडा. पहिली दोन अक्षरं एम आणि झेड. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्कीने दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ही फाईल पद्धत ठरवली आणि आपली आद्याक्षरं तिथे ठेवली. थोडं खाली ‘हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्यही सापडेल. अगदी काल बनवलेल्या प्रोग्रॅममध्येसुद्धा.

आमच्या पतसंस्थेचं सगळं कामकाज आता कोअर बँकिंगवर आहे, पण २००५च्या आधीची खाती फॉक्सप्रोच्या जुन्या डीबीएफ फाईलींतच. वारसांचे दावे आले की ती उघडावी लागतात. ६४ बिटी विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे मध्यंतरी संस्थेने एक जुनं एक्सपीचं मशीन कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. त्याचा पॉवर सप्लाय गेल्यावर मला फोन आला. आता लॅपटॉपवर डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे आजच्या संगणकात जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, टाकून दिलं आहे. फॉक्सप्रो त्यात नीट चालतो, मात्र जिस्ट कार्ड नसल्याने मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा येतात. त्यासाठी इस्कीचं युनिकोड करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून फाईली बाहेरच रूपांतरित करून घेतल्या. प्रिंटचा प्रश्न सुटायला वेळ लागला. जुना प्रोग्रॅम एलपीटी-वन या प्रिंटरच्या पोर्टवर १३२ रकान्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे असं धरून चालतो. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टवर येणारं सगळं फाईलमध्ये वळवता येतं. मग ती फाईल आडव्या पानावर, एका मापाच्या फाँटमध्ये पीडीएफ केली की ऑडिटर घेतात. हीच अडचण तुमच्याकडे असेल तर फाँट आठ पॉइंटच्या वर नेऊ नका, शेवटचा रकाना पुढच्या ओळीवर पडतो, आणि आमच्या यादीत त्याच रकान्यात व्याज आहे.